घरचं वजा जाता

कोणतीही वाईट गोष्ट सोडण्याआधी तिच्या जागी तितकीच चविष्ट दुसरी कोणती घ्यायची हे ठरवणं, हे सुसंस्कृत माणसाचं पहिलं कर्तव्य आहे. अडाणी माणूस नुसतं सोडून देतो. सुसंस्कृत माणूस पर्याय शोधतो, पर्यायाची माहिती गोळा करतो, ती चार लोकांना ऐकवतो आणि मग पहिल्यापेक्षा दुप्पट खातो, कारण आता भीती उरलेली नसते. दौंड तालुक्यात खुटबावच्या पलीकडे चिंचमळा नावाचं हजार-बाराशे वस्तीचं गाव आहे. ते गेल्या वर्षी या अर्थानं सुसंस्कृत झालं. याचं सगळं श्रेय हौसराव आबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला द्यावं लागेल.

हौसराव म्हणजे चौदा एकर उसाचे मालक, सोसायटीचे दोन वेळचे अध्यक्ष, वय वर्षे त्रेसष्ट. त्यांच्या पायात कायम कातडी वहाणा असत आणि त्या करकरत. करकर ऐकू आली की पारावरचे पत्ते सतरंजीखाली जात आणि तरुण मंडळी एकदम पीकपाण्याबद्दल बोलू लागत. गेल्या गणपतीच्या आसपास नवी वहाण अंगठ्याला चावली. दीड महिना झाला तरी जखम भरेना. हळद लावून झाली, कोरफड लावून झाली, एका पाव्हण्यानं सांगितलेला पाला बांधून झाला. शेवटी मुलगा रविराज त्यांना गाडीत घालून दौंडला, स्टेशनाजवळच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी बोट टोचलं. आकडा आला तीनशे बारा.

बाहेर पन्नास माणसं नंबर लावून बसलेली असल्यामुळे डॉक्टर पाचच वाक्यं बोलले. गोड पूर्ण बंद. तेल-तूप चमच्यानं मोजून. गोळ्या वेळेवर. जखम रोज धुवायची. तीन महिन्यांनी या, आकडा असाच राहिला तर अंगठा काढावा लागेल.

हौसरावांनी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. घरी येऊन ते ओट्यावर बसले आणि पाय पुढे करून त्या अंगठ्याकडे बघत राहिले. त्रेसष्ट वर्षांत त्यांनी त्याच्याकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं.

"काय म्हणला डाक्टर?" दगडाबाईंनी विचारलं. या त्यांच्या पत्नी.

"अंगठा काढीन म्हणला."

"आन्?"

"आन् काय? मला अंगठा पायजे."

हे ते अध्यक्ष म्हणून बोलले नव्हते. त्यांना खरोखर भीती वाटत होती. दवाखान्याच्या बाकावर त्यांनी एक माणूस पाहिला होता, त्यांच्याच वयाचा. त्याच्या पायात पट्ट्या चिकटवायची रबरी चप्पल होती, कारण अंगठा नसला की वहाण पायात थांबत नाही. तो माणूस चालत गेला तेव्हा कसलाही आवाज झाला नाही. हौसरावांच्या डोळ्यांपुढून तो माणूस हलेना.

"मग गोड सोडा की," दगडाबाई म्हणाल्या.

हा उपाय फार सोपा असल्यामुळे आणि त्याला सूचक-अनुमोदक नसल्यामुळे तो विचारात घेण्यात आला नाही.

हौसरावांनी चाळीस वर्षांत कोणतंही काम ठरावाशिवाय केलेलं नव्हतं. तेव्हा आठवड्याच्या आत त्यांनी 'चिंचमळा आरोग्यदायी पर्याय समिती' स्थापन केली. अध्यक्ष स्वतः. सचिव जालिंदर गुरुजी, हे निवृत्त मुख्याध्यापक. (गुरुजींच्या मोबाईलवर पहाटे पाचपासून आरोग्याचे संदेश येतात आणि सहापर्यंत ते गावाला पोचलेले असतात.) सदस्य एकूण अकरा. त्यांपैकी नऊ बागायतदार; उरलेले दोघे बहुतेक चहापुरते येत, म्हणून त्यांच्या मतांचा प्रश्न आला नाही.

पहिल्या बैठकीत साखर हे पांढरं विष आहे, असं एकमतानं ठरलं. (गावातला निम्मा ऊस साखर कारखान्यालाच जातो, ही बाब विषयपत्रिकेवर नव्हती.) हौसरावांच्या कोठीत कारखान्याचे सभासद म्हणून मिळालेली पंचवीस किलो साखर पडून होती. विष झालं तरी ते फेकून देणं हा अन्नाचा अपमान ठरला असता, म्हणून ते लेकीच्या सासरी, शिरूरला पाठवण्यात आलं. दुसऱ्या बैठकीत पिशवीतल्या रिफाइंड तेलाला निरोप देण्यात आला आणि 'स्निग्ध पदार्थ उपसमिती' नेमण्यात आली. तिसऱ्या बैठकीत पर्यायांची मंजूर यादी तयार झाली. ती ग्रामस्थांच्या माहितीसाठी पारावर लावली गेली. तिचा सारांश असा:

गूळ: काळा, बिनकेमिकलचा. मर्यादा नाही. (दहा वर्षांपूर्वी इतका काळा गूळ निघाला की गुळव्या तोंड लपवत असे आणि ती ढेप जनावरांच्या आंबोणात जाई. आता तीच माणसं खातात. याला जागृती म्हणतात.)

काकवी: भाकरीबरोबर एक वाटी. (वाटी कोणती, याचा उल्लेख नाही. दगडाबाईंच्या मांडणीवर तीन मापांच्या वाट्या आहेत. हौसराव मोठी घेत.)

मध: सकाळी कोमट पाण्यातून, चरबी वितळण्यासाठी.

खजूर: दिवसाला सात. सम संख्या पचायला जड असते, असा संदेश गुरुजींना आला होता.

खडीसाखर: हिच्यावर दोन तास वाद झाला. अखेर जी वस्तू देवाला चालते ती माणसाला बाधेल असं म्हणणं नास्तिकपणाचं आहे, या मुद्द्यावर मंजूर.

तूप: देशी गायीचं. सांध्यांना वंगण म्हणून, पोळी दिसेनाशी होईपर्यंत.

तेल: लाकडी घाण्याचं, शेंगदाण्याचं किंवा करडईचं. हौसरावांच्या घरी पूर्वी महिन्याला चार किलो तेल लागत असे. यादी लागल्यावर नऊ लागू लागलं. वाढ सव्वाशे टक्के. तेल शुद्ध असल्यामुळे वाढही शुद्ध समजण्यात आली. तेल्याच्या घाण्यावर आता नंबर लावावा लागे, आणि भजी हा प्रकार 'तळीव' या बदनाम गटातून काढून 'घाण्याचं' या मानाच्या गटात घालण्यात आला.

डॉक्टरांच्या गोळ्यांबद्दल यादीत काही नव्हतं. गोळ्या केमिकलच्या असतात. हौसराव त्या आठवणीनं घेत, म्हणजे ज्या दिवशी आठवण होई त्या दिवशी.

अशा रीतीनं महिना आनंदात गेला. हौसरावांना हलकं वाटू लागलं. साखरेचा एक कणही ते तोंडात घालत नव्हते आणि ही गोष्ट ते येईल त्याला सांगत. लग्नात जिलबीचं ताट परत करताना त्यांचा चेहरा असा होई, की वाढप्याला आपण काही पाप केलं की काय असं वाटे. घरी येऊन ते त्या संयमाबद्दल स्वतःला गुळाच्या दोन पोळ्या देत.

हौसरावांची सून अनिता गावची आशा सेविका. तिच्याकडे बोट टोचून आकडा दाखवणारं मशीन असतं. महिन्यानं तिनं सासऱ्याचं बोट टोचलं.

"मामा, तीनशे सेहेचाळीस."

"असं कसं? महिना झाला, साखर बघितली बी न्हाई मी."

"साखर न्हाई बघितली. गुळाचा डबा कितव्यांदा भरला?"

"गूळ घरचा हाय."

"घरचा असला म्हून काय झालं?"

घरच्या गोष्टीनं माणसाला अपाय होऊ शकतो, ही कल्पना चिंचमळ्यात यापूर्वी कोणी मांडलेली नव्हती. आपला गूळ, आपल्या गोठ्यातलं तूप, आपल्या बांधावरच्या पोळ्याचा मध. हे बाधायला लागलं तर माणसानं विश्वास ठेवायचा कुणावर? तातडीची बैठक बोलावण्यात आली.

बैठकीत प्रथम मशीन बिघडलं असावं, असा सूर निघाला. अनितानं त्याच मशीनवर दोन सदस्यांची बोटं टोचली, एकाचा आकडा अगदी नीट आणि दुसऱ्याचा वर गेलेला निघाला, तेव्हा तो सूर मावळला. पुढे कोणी बोट देईना. मग जालिंदर गुरुजी उभे राहिले. गुरुजींनी नोकरीत असताना तीस वर्षं गावातल्या बागायतदारांचे कराचे कागद भरून दिले होते, आणि त्या पुण्याईचं आज फळ मिळालं.

"मंडळी," गुरुजी म्हणाले, "आबांना उसाचे धा लाख आले, तर त्यावर आयकर किती? शून्य. का? तर उत्पन्न शेतीचं हाय. सरकारचा कायदा हाय ह्यो. मग शेतातनं आलेला गोडवा आबांच्या अंगात गेला, तर त्याला रोग लागू कसा होईल?"

दोन सदस्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं साधं आपल्याला कसं सुचलं नाही, असं प्रत्येकाला वाटलं. ठराव क्रमांक चौदा तिथल्या तिथे मंजूर झाला: घरच्या उत्पन्नामुळे आलेला आकडा एकूण आकड्यातून वजा करून उरलेला निव्वळ आकडा ग्राह्य धरावा.

गुरुजींनी वही उघडली आणि आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं. एकूण ३४६. वजा, घरचा गूळ ११०. वजा, काकवी ४५. वजा, मध ३०. वजा, तूप १५ (तूप गोड नसतं, पण गाय घरची आहे). खजूर विकतचा असल्यामुळे वजावट नाही. निव्वळ १४६. शेरा: समाधानकारक.

हौसरावांनी तो शेरा दोनदा वाचला. मग त्यांनी सगळ्यांना डिंकाचे लाडू वाटायला सांगितले.

पुढच्या महिन्यात आकडा तीनशे एकाहत्तर आला. घरचा गूळ जास्त खाल्ला गेला असल्यामुळे वजावटही वाढली आणि निव्वळ आकडा एकशे अडतीसवर उतरला. प्रगती दिसू लागली. गावातल्या चौसष्ट जणांनी आपापल्या वह्या सुरू केल्या. त्यांपैकी एकसष्ट जणांचे शेरे समाधानकारक आले. उरलेले तिघे गूळ दुकानातून आणत, त्यांना समज देण्यात आली.

एक अपवाद होता. धनगरवस्तीवरच्या कुशाबाईंचा आकडाही पूर्वी तीनशेच्या घरात होता. अनितानं सांगितलं तसं त्यांनी गोड सगळं सोडलं, घरचंही आणि बाहेरचंही. भाजीत तेल चमच्यानं घातलं, गोळ्या घड्याळ बघून घेतल्या आणि रोज कॅनॉलपर्यंत चालून आल्या. आकडा आला एकशे अठरा, काहीही वजा न करता. अनितानं तो समितीपुढे ठेवला. समितीनं त्यावर विचार करून असं मत नोंदवलं, की ज्यांना ऊसच नाही त्यांचा आकडा कमी असणं साहजिक आहे. उत्पन्न कमी, आकडा कमी. कुशाबाईंचं नाव वहीत घेण्यात आलं नाही.

तिसऱ्या महिन्यातली एक सकाळ. अनिता गरम पाण्याचं पातेलं घेऊन सासऱ्याच्या पायाशी बसली होती. तिनं पट्टी सोडली आणि पाय उजेडाकडे वळवला.

"काय गं?" हौसराव भिंतीकडे बघत म्हणाले. ते पायाकडे बघायचे बंद झाले होते.

"काळं पडलंय, मामा. वास बी येतोय."

"कालच्यापरीस?"

"कालच्यापरीस. वहीतला आकडा उतरतोय आन् ह्ये काळं वर चढतंय, कसं काय?" तिनं कापूस बुडवला. "रगताला सातबारा कळत न्हाई, मामा. घरचं का बाहेरचं, त्याला समदं एकच."

सगळ्या गावात खरं बोलणारं माणूस हे एवढंच आहे, हे त्यांना कधीपासून ठाऊक होतं. म्हणून तर ते तिला बैठकीत बोलू देत नसत.

"मला लई भ्या वाटतंय, पोरी," ते म्हणाले.

"मग आजपासनं बंद करा. गूळ, काकवी, समदं. मी गोळ्या हातात देती. करता का?"

"करतो."

हे त्यांनी मनापासून सांगितलं. त्यांनी सुनेचा हात धरला, जे त्या घरात कोणी सासरा करत नाही. आणि तो निर्णय चाळीस मिनिटं टिकला.

कारण त्या दिवशी बैठक होती. समिती स्थापन झाल्यापासूनची ती सत्ताविसावी. समितीच्या बैठका हौसरावांच्या पडवीत होत आणि प्रत्येक बैठकीत गुळाचा चहा येई. चिंचमळ्यातली रीत अशी, की अध्यक्षानं कप उचलून तोंडाला लावल्याशिवाय दुसऱ्यानं उचलायचा नाही. सोसायटीत असंच, दूध डेअरीत असंच, लग्नाच्या बैठकीतही असंच. चहा आला. दहा कप दहा जणांपुढे ठेवले गेले. अकरावा हौसरावांपुढे.

हौसरावांनी कप उचलला नाही.

दहा माणसं मांडीवर हात ठेवून बसून राहिली. चहावर साय धरू लागली. स्निग्ध उपसमितीच्या अध्यक्षांनी घसा साफ केला. दाराआडून अनिता बघत होती आणि हौसरावांना ती दिसत होती. आता 'मला नको, तुम्ही घ्या' एवढंच म्हणायचं होतं. पण अध्यक्षानंच समितीचा चहा नाकारला, तर ठराव क्रमांक एक ते चौदा यांचं काय होईल? वहीचं काय होईल? एकसष्ट समाधानकारक शेरे कुठे तोंड दाखवतील?

"आबा," जालिंदर गुरुजी हळूच म्हणाले, "निवतोय."

हौसरावांनी कप उचलला. दहा कप एकदम उचलले गेले. दाराआड कोणी उरलं नव्हतं.

तीन महिने भरले त्या दिवशी हौसराव, रविराज आणि गुरुजी दौंडला गेले. गुरुजींनी वही खाकी कागदात बांधून घेतली होती. डॉक्टरांनी ती चाळली आणि 'निव्वळ' म्हणजे काय, असं विचारलं. गुरुजींनी सात मिनिटं समजावून सांगितलं. आयकराचं कलमही सांगितलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. बाहेरच्या पन्नास माणसांच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं. मग त्यांनी वही मिटून गुरुजींच्या हातात दिली.

"पट्टी सोडा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठा काढण्यात आला. ऑपरेशनच्या आधी हौसरावांनी नर्सला विचारलं, की तो परत मिळंल का. नर्सला वाटलं त्यांना जाळायला हवा आहे. ते का विचारतायत हे त्यांनाही सांगता आलं नाही.

समितीनं अठ्ठाविसाव्या बैठकीत या घटनेची गंभीर दखल घेतली. चौकशीअंती असं आढळलं, की दाखल झाल्याच्या दिवशी अध्यक्षांनी दवाखान्यासमोरच्या टपरीवर अर्धा कप चहा घेतला होता, आणि तो साखरेचा होता. तीन महिन्यांचं पथ्य त्या अर्ध्या कपानं वाया घालवलं. साखर किती घातक असते याचा याहून ढळढळीत पुरावा नको, असं मत नोंदवून समितीनं गुळाचा चहा घेतला.

यानंतर चिंचमळ्याची ख्याती वाढली. रविराजचं स्वतःचं गुऱ्हाळ होतंच. त्यानं आता काळा गूळ, काकवी, तूप आणि घाण्याचं तेल यांचे डबे भरायला घेतले आणि पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये शनिवार-रविवार विकायला नेऊ लागला. मालाला नाव दिलं 'आबांचं घरचं'. डब्यावर छापायला हौसरावांचा फोटो काढला. फेटा बांधला, मिशीला पीळ दिला. फोटोवाला पडवीत दिवे लावत होता तेव्हा हौसरावांनी एकदाच विचारलं.

"पाय येत्यात का रं फोटूत?"

"न्हाई आबा. कमरंपतुर."

मग ते हसले. फोटो चांगला आला आहे. त्याखाली लिहिलं आहे, 'आमचे आबा रोज हेच खातात.' (ही जाहिरात अक्षरशः खरी आहे, ते अजून तेच खातात.) डबे भरायला सगळं घर बसतं, अनिता सोडून. ती त्या वेळी पट्टी बदलते. अंगठ्याशेजारच्या बोटाचा रंग तिला आवडलेला नाही. हौसराव भिंतीकडे बघतात.

पुण्यात आजवर साडेचारशे घरांनी हा माल नेला. गिऱ्हाइकं सगळी शिकलेली, चौकस. डबा उलटा करून, चष्मा वर करून मजकूर वाचतात. केमिकल नाही ना, गाय देशीच ना, घाणा लाकडाचाच ना, सगळं विचारून घेतात. साखर केव्हाच सोडली, असं आवर्जून सांगतात आणि दोन किलोऐवजी चार किलो नेतात, कारण हे चालतं. फोटो कमरेपाशी का कापला आहे, हे मात्र एकानंही विचारलेलं नाही.

आपण एवढं सगळं वाचलंत, तेव्हा आपण विचाराल अशी आशा आहे. पण तशी शक्यता कमी. आपण आधी एकदा आपल्या पायांकडे बघाल, ते जागेवर आहेत याची खात्री कराल, आणि मग रविराजचा नंबर कुठे मिळेल ते शोधाल. शोधायची गरज नाही. नंबर डब्यावरच आहे, फोटोच्या खाली, जिथं पाय यायला हवे होते तिथं.